उमेदवारी : हातातील कसब आणि आपला समाज

प्रत्येक स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या यशाची काही पाने असतात आणि ती असावीतच. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसून धडा ऐकावा लागला, त्यांची नातवंडे डॉक्टर, अभियंता, प्राध्यापक, तहसीलदार म्हणून छायाचित्रांत दिसतात तेव्हा तो आमच्या दृष्टीने इतिहासाचा दस्तऐवज असतो. परंतु याच वसतिगृहाच्या पंगतीत जेवलेली, याच विहारात सकाळची वंदना म्हणणारी काही मुले दहावी-बारावीनंतर निराळी वाट धरतात. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, चिंचोळीला, होटगी रस्त्यावर लोखंडी कामाचे लहानमोठे कारखाने आहेत. तिथे अँगल, चॅनल आणि पत्रा कापून, जोडून त्याचे दरवाजे, शेडचे सांगाडे, पाण्याच्या टाक्या, उसाच्या ट्रॉल्या होतात. अशा कारखान्यांत ही मुले शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतात. त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत येत नाहीत. पालकांना विचारले तर ते आवाज उतरवून ‘कंपनीत लागलाय’ एवढेच सांगतात. हा लेख त्या उतरलेल्या आवाजाविषयी आहे.

‘उमेदवार’ हा शब्द आता निवडणुकीपुरता उरला आहे. आपल्या वाडवडिलांच्या पिढीत मात्र ‘तो अमक्याकडे उमेदवारी करतो’ याचा अर्थ तो काम शिकतो असाच होता. सरकारी भाषेने तो अर्थ जपून ठेवला आहे; १९६१ च्या कायद्याचे मराठी नावच ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ आहे. आजकाल त्याला इंटर्नशिप म्हणतात. शब्द बदलला म्हणून बिघडत नाही. उमेद आणि उमेदवारी यांतले नाते तेवढे सुटू नये.

पालकांच्या संकोचामागे एक भीती आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. हातकाम म्हणजे जातीचे काम, हे समीकरण या देशात हजारो वर्षे चालले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था कामांची नुसती वाटणी करीत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि जन्मावरून उतरंडीत बसविते. हे ज्यांनी वाचले, किंवा न वाचता सोसले, त्या आईबापांना आपला मुलगा काजळलेल्या कपड्यांत घरी आलेला पाहून ‘यासाठी का शिकविला?’ असे वाटले, तर ते स्वाभाविक आहे.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, म्हणून या भीतीला इतिहासातूनच उत्तर देऊ इच्छितो. आपल्या पूर्वजांवर लादलेली कामे कोणती होती? गावकी, वेठबिगार, निरोप पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे. गावातील भट्टी आणि भाता लोहाराचा होता, रंधा सुताराचा होता. ज्या कामात हत्यार, माप आणि कसब एकत्र येते आणि ज्या कामाला त्यामुळे दाम मिळतो, त्या कामाच्या जवळ आपल्याला फिरकू दिले जात नव्हते. गिरण्या आल्या तेव्हा वाटले की यंत्राला जात नसते. पण मुंबईच्या गिरण्यांत कापडखाते, म्हणजे जिथे मजुरी अधिक होती तेच खाते, अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथेही त्यांनी हेच दाखविले की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, वरच्या कामाची दारे त्याला उघडत नाहीत.

म्हणून लोखंडाला लोखंड जोडण्याचे कसब शिकणारा आपला मुलगा पूर्वजांच्या कामाकडे परत चाललेला नाही. पूर्वजांना जे नाकारले गेले, ते काम तो हातात घेत आहे. हा फरक पालकांनी मनात नीट ठसवून घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हा आमचा स्वतःचा तर्क आहे असेही कोणी समजू नये. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती, तशीच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी होती. बॅरिस्टर, अर्थशास्त्रज्ञ आणि पुढे संविधानाचा शिल्पकार झालेला हा महापुरुष उमेदवारीला कमी लेखत नव्हता. मात्र एक गोष्ट सोयीने विसरू नये. त्याच निवेदनात उच्च शिक्षणावरचा त्यांचा भर अतिशय स्पष्ट आहे. जे लोक ‘तुमच्या मुलांना कौशल्य शिकवा, पदव्यांच्या मागे कशाला लागता’ असा उपदेश आपल्याला करतात आणि स्वतःची मुले परदेशी पाठवितात, त्यांना बाबासाहेबांचा आधार घेता येणार नाही.

या उपदेशाचा धोका जगाने पाहिला आहे. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. चांभाराच्या मुलाने चांभारकी आणि धोब्याच्या मुलाने धुणी! लोकांनी तिला कुलशिक्षणाची योजना म्हटले, द्रविड चळवळीने रान उठविले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या मुलांना वीटकाम, सुतारकाम, लोहारकाम शिकविले. विटांच्या तीन भट्ट्या फसल्या तेव्हा त्यांनी आपले घड्याळ गहाण ठेवून चौथी भट्टी लावली आणि विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या इमारती स्वतः बांधल्या. या जिद्दीपुढे कोणाचीही मान लवेल. तरीही डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यांच्यावर टीका केली, ती योग्यच होती. हाताला काम मिळावे म्हणून मताचा हक्क आणि विद्यापीठाचे दार सोडून द्यायचे, हा सौदा त्यांना मान्य नव्हता. आपणही तो मान्य करू नये. आमची कसोटी साधी आहे : ही वाट मुलाने निवडली, की त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी ठरविली? ‘अभ्यासात कच्चा आहे, वेल्डिंगला घाला’ हे वाक्य अनेक शाळांच्या शिक्षकखोलीत ऐकू येते. त्यात मुलाचाही अपमान आहे आणि वेल्डिंगचाही.

वेल्डिंगचा अपमान कसा, हे थोडे उलगडून सांगतो, कारण पालकांपैकी अनेकांनी कारखाना बाहेरूनच पाहिला आहे. साधा दरवाजा करायचा म्हटले तरी चौकट काटकोनात बसली पाहिजे. गुण्या लहान पडतो, तेव्हा कारागीर दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे भरले तर चौकट बरोबर, नाहीतर दरवाजा जन्मभर घासत राहणार. नववीच्या भूमितीत चौकोनाच्या कर्णांचे प्रमेय पाठ करताना जांभया देणारा मुलगा इथे ते प्रमेय टेपने मोजतो. गोल सळईचे वजन काढायचे तर जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ०.८९ किलो येते. हा १६२ कुठून आला, असे विचारणारा मुलगा वर्तुळाच्या क्षेत्रफळापर्यंत आणि पोलादाच्या घनतेपर्यंत पोहोचतो. जुना मिस्त्री अजून इंच आणि सुतात बोलतो, आठ सुतांचा इंच, आणि नकाशा मिलिमीटरमध्ये असतो. दोन्ही भाषा यायला हव्यात. शिवाय तापलेले लोखंड थंड होताना आकसते आणि पत्र्याला ओढते. म्हणून आधी ठिकठिकाणी टाके मारून मगच सांधा भरायचा, एका बाजूने सलग भरीत जायचे नाही. ज्याला हे कळते तो कारागीर होतो, ज्याला कळत नाही तो रॉड जाळतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सर्वांत अधिक आहेत. गाळप संपले की त्यांच्या दुरुस्तीच्या महिन्यांत नळ्या, टाक्या आणि बॉयलरच्या कामाला चांगला वेल्डर लागतो आणि त्याची जात विचारण्याआधी त्याचा सांधा पाहतात. नेहमीच असे घडते असा आमचा दावा नाही. पण दाबाखाली पाणी सोडून तपासलेला सांधा गळतो किंवा गळत नाही, तिथे शिफारस चालत नाही. आपल्या समाजाला अशी क्षेत्रे फार थोडी मिळाली आहेत.

आता कारखान्याच्या आत पाहू. नवा मुलगा पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याच्या हाती होल्डर देत नाहीत. झाडू देतात, चहा आणायला पाठवितात, माल उचलायला लावतात, मग ग्राइंडरवर कड घासायला बसवितात. यात जितका भाग शिस्तीचा आहे तितका आम्हांला मान्य आहे. कामाची जागा स्वच्छ ठेवणे हा कसबाचाच भाग आहे. ठिणगी उडते तिथे चिंध्या आणि तेल पडलेले चालत नाही. पण दोन मुले एकाच आठवड्यात लागली, तीन महिन्यांनी एकाच्या हाती होल्डर आला आणि दुसऱ्याच्या हाती झाडूच राहिला, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. आडनाव विचारून झाडूची मुदत ठरते असे अनुभव आमच्या कानावर आले आहेत. आम्ही इथे कोणाचे नाव घेत नाही. मनमाडच्या परिषदेला आठ दशके उलटून गेली, पण गँगमनला गँगमनच ठेवण्याची वृत्ती अजून पूर्णपणे निवृत्त झालेली नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

सोलापूरकरांना ‘बदली कामगार’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या दारात रोज सकाळी भोंग्याला उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर परत फिरायचे. काहींचे तरुणपण त्या दारातच सरले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या हाती काम केल्याचा धड कागदही नव्हता. घरोघरी विडी वळणाऱ्या आमच्या माताभगिनींच्या बोटांतले कसबही असेच कागदाविना राहिले. ज्या उमेदवारीला करार नाही, मुदत नाही, काय शिकविणार याची नोंद नाही आणि शेवटी प्रमाणपत्र नाही, तिला इंटर्नशिप हे नाव दिले तरी ती नवी बदलीच आहे.

म्हणून कायदा माहीत असावा. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे; त्याहून लहान कारखाना स्वेच्छेने घेऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम ३-अ प्रमाणे नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या असतात. आरक्षण म्हटले की आपल्याला नोकरी आणि महाविद्यालय एवढेच आठवते, हे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. करार नोंदवावा लागतो. विद्यावेतनाची किमान रक्कम नियमांनी ठरविलेली आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार ती पाचवी ते नववी शिकलेल्यास महिना ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णास ६,००० आणि आय.टी.आय. प्रमाणपत्रधारकास ७,००० अशी होती. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत या रकमेचा काही भाग सरकार उचलते, तेव्हा ‘परवडत नाही’ हे मालकाचे उत्तर पूर्ण खरे नसते. दुखापत झाली तर भरपाईचा हक्क उमेदवारालाही आहे. परवानगीवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम घेता येत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही सहा महिन्यांचे प्रशिक्षण होते, नोकरीचे वचन नव्हते. हे आधी माहीत असले म्हणजे नंतर मुलगा खचत नाही.

होटगी रस्त्यावरच्या पाच-सहा माणसांच्या शेडमध्ये ही कागदपत्रे बहुधा होत नाहीत आणि चांगले मिस्त्री मात्र पुष्कळदा तिथेच भेटतात, ही अडचण आम्ही जाणतो. तिथे निदान एक साधे पत्र असावे. कधीपासून कधीपर्यंत, महिना किती, कोणत्या महिन्यापासून होल्डर हाती देणार, एवढे त्यात लिहिलेले असावे. एका बाजूला मालकाची सही, दुसऱ्या बाजूला पालकाची. बापाने तोंडाने रदबदली करून मुलाला ठेवून यायचे ही जुनी रीत सोडावी.

शरीराविषयीही दोन शब्द. वेल्डिंगचा लखलखाट उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्या क्षणी काही होत नाही. रात्री, काही तासांनी, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. ‘सवय होईल’ असे सांगणारे भेटतील. डोळ्यांना याची सवय होत नसते. काच योग्य त्या गडदपणाचीच हवी आणि बाजूला उभे राहून सामान धरणाऱ्यालाही हवी, कारण नवा मुलगा बहुतेक वेळा धरायलाच उभा असतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप जोडताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ते काम मोकळ्या हवेत करावे. ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून टाकलेले असेल तर काम नम्रपणे नाकारावे. आणि एक बाब खास आमच्या पालकांसाठी : शाळेचा जुना गणवेश वाया जाऊ नये म्हणून तो घालून मुलाला कारखान्यात पाठवितात. गणवेशाचे कापड टेरीकॉट असते. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. जाड सुती कपडे आणि पाय झाकणारे बूट, हा खर्च पहिल्या विद्यावेतनाची वाट न पाहता करावा.

मुलींविषयी वेगळा परिच्छेद लिहावा लागू नये अशी आमची इच्छा आहे. वर जे लिहिले ते सर्व त्यांनाही लागू आहे.

तथागतांचे अखेरचे भोजन कोणाच्या घरचे होते, हे आपण दर वैशाखी पौर्णिमेला ऐकतो. पावा नगरीतील चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा मुलगा. त्याच्या आम्रवनात भगवंत उतरले, त्याच्या घरी भिक्खुसंघासह जेवले आणि आजारी पडले. पुढे चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्यालाही पश्चात्ताप होऊ नये, म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम निरोप सांगितला की ते अन्नदान संबोधीपूर्वीच्या दानाइतकेच पुण्याचे आहे. महापरिनिब्बानाच्या वेदनेत भगवंतांनी एका लोहाराच्या मनाची काळजी वाहिली. आमच्या विहारात चुंदाची कथा सांगताना भोजनाचा भाग सविस्तर येतो आणि त्याचा व्यवसाय एका शब्दात निघून जातो. लहान मुलांना तोही थोडा थांबून सांगावा. सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार निषिद्ध आहे, लोखंडाचे काम निषिद्ध नाही.

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले पहिले वसतिगृह उघडले ते याच सोलापुरात. खेड्यातल्या मुलाला शहरात राहून शिकता यावे, त्याच्या जेवणाची आणि छपराची सोय व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. ती गरज आज एका नव्या ठिकाणी उभी आहे. मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट तालुक्यांतला मुलगा महिना सहा हजारांच्या विद्यावेतनावर शहरात खोली भाड्याने घेऊन राहू शकत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत उमेदवारी सुटते ती बहुतेक वेळा जेवणाच्या आणि राहण्याच्या ओढाताणीने. उन्हाळी सुटीत आपल्या वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या असतात आणि निकालानंतरची उमेदवारी नेमकी त्याच सुमारास सुरू होते. नव्याने रुजू झालेल्या माजी विद्यार्थ्यांना पहिले तीन महिने तिथे राहू द्यावे, भोजनखर्च त्यांनी विद्यावेतनातून द्यावा, जून उजाडून शाळा भरली की एका स्वतंत्र खोलीची सोय करावी, असा प्रस्ताव आम्ही संस्थेच्या कार्यकारिणीपुढे या लेखाद्वारे ठेवीत आहोत. ज्या माजी विद्यार्थ्यांची स्वतःची वर्कशॉप आहेत, किंवा जे कारखान्यांत सुपरवायझर आहेत, त्यांनी आपली नावे आणि वर्षाला किती मुले शिकवू शकतो तो आकडा शाळेच्या कार्यालयात नोंदवावा. त्यासाठी वेगळी वही घातली आहे. तिचे पहिले पान अजून कोरे आहे.